साडेसात नंबरचं घर

पडदा वर जातो तेव्हा समोर एक बोळवजा खोली दिसते. रुंदी इतकीच, की दोन्ही हात पसरले तर बोटं भिंतींना टेकतील. लांबी मात्र संपता संपत नाही. डावीकडे शिलाई मशीन, त्यावर उसवलेला एक कोट. उजवीकडे एकुलती एक खिडकी. तिच्यातून येणारं ऊन नेमकं लॅपटॉपच्या तोंडावर पडलेलं. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, समोर खुर्ची, आणि खुर्ची रिकामी. तिच्यावर ज्याने बसायचं, तो माणूस दारापासून मशीनपर्यंत आणि मशीनपासून दारापर्यंत फेऱ्या मारतोय. अकरा पावलं जाताना, अकरा येताना. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालीत. पाच वाजता बँक या माणसाचं खातं गोठवणार आहे.

हे कुजबुजे. हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. एका नाटक कंपनीत एकतीस वर्षं ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसायचं आणि नट वाक्य विसरला की कुजबुजत पुढचा शब्द पुरवायचा, हा त्यांचा धंदा. कंपनीतल्या कुण्या टारगटाने एकदा 'या, कुजबुजे, बसा' म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की पत्रिकेवरही तेच छापून आलं.

प्रॉम्प्टर व्हायला नुसता आवाज लागत नाही. नट खरंच विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याच्या पाठीवरून ओळखता यावं लागतं. कुजबुज्यांच्या वहीत संवादांच्या मधे निळ्या पेन्सिलीच्या रेघा असत. आखूड रेघ म्हणजे श्वास, लांब रेघ म्हणजे टाळीची जागा. त्यांचा एकच नियम होता, आणि तो ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगत: "अडलेल्याला 'चुकलास' कधी म्हणायचं नाही. पुढचा शब्द द्यायचा. चुकलाय हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं."

ही सवय घरीही सुटली नव्हती. भाजीवाली हिशेब करताना थांबली की हे आकडा पुरवणार. डॉक्टर "तुम्हाला आता..." म्हणून क्षणभर थांबले की हे हळूच म्हणणार, "विश्रांतीची गरज आहे." बायको वैतागायची. "मला माझं वाक्य संपवू द्या हो! लग्नाला अडतीस वर्षं झाली, एक वाक्य माझं म्हणून पुरं झालेलं नाही."

बायकोही कंपनीतलीच, कपडेपट सांभाळणारी. ओठांत सदा चार टाचण्या धरलेल्या, म्हणून टाचणीबाई. कंपनी सुटली तरी सुई सुटली नाही. गल्लीतले लोक कपडे लहानमोठे करून घ्यायला त्यांच्याकडेच येत. पण गेल्या वर्षापासून टाचणीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सरकारी दवाखान्यात आठ महिने नंबर लावल्यावर आता कुठे तारीख मिळाली होती, येत्या मंगळवारची. दाखल होताना तिथे बँकेचं कार्ड चालवून दाखवायचं, नाहीतर तारीख पुढच्या माणसाला. आणि ते कार्ड ज्या खात्याचं, त्याच खात्याचा पत्ता बँकेने 'नव्या प्रणालीत पुन्हा नोंदवा' म्हणून कळवलं होतं. आज शेवटचा दिवस.

सकाळी कुजबुजे शाखेत जाऊन आले होते. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता बोटाने भिंतीवरचा फलक दाखवला: 'हे काम आता घरबसल्या.' परगावी नोकरी करणारी लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, पाच मिनिटांचं काम आहे."

त्या पाच मिनिटांचा आता तिसरा तास चालू होता.

नावाच्या रकान्यापासूनच सुरुवात झाली. कुजबुज्यांनी नाव लिहिलं, लाल अक्षरं उमटली: 'अवैध वर्ण.' पुन्हा लिहिलं, पुन्हा अवैध. वीस मिनिटांनी कळलं की नावाच्या शेवटी एक रिकामी जागा सुटली होती. डोळ्यांना न दिसणारी चूक! मग फोन नंबर. आधी शून्य लावलं तर 'अंक जास्त', शून्य काढलं तर 'अंक कमी'. मग व्यवसाय. त्या यादीत वैमानिक होते, दंतवैद्य होते, मधमाश्या पाळणारेसुद्धा होते. प्रॉम्प्टर नव्हता. शेवटी 'इतर' निवडलं. मग परवलीचा शब्द. त्यात एक आकडा हवा, एक मोठं इंग्रजी अक्षर हवं, एक चिन्ह हवं. चिन्ह टाकलं तर म्हणे हे चिन्ह चालत नाही. कोणतं चालतं, ते सांगायची सोय नव्हती.

"मेलीला एवढं कळत नाही," कुजबुजे फेरी मारता मारता म्हणाले, "की माणूस अडला की त्याला शब्द द्यायचा असतो! ही नुसती 'चुकलात, चुकलात' म्हणते. अशी प्रॉम्प्टर आमच्या कंपनीत एक प्रयोग टिकली नसती."

"ती कोण?" टाचणीबाईंनी टाचण्यांच्या मधून विचारलं.

"वेबसाइट."

"बाई आहे होय? मग बरोबरच आहे. तुम्ही तिला वाक्य पुरं करू दिलं नसेल."

पण हे सगळे झाले छोटे प्रवेश. खरं नाटक अडलं होतं ते 'घर क्रमांक' या रकान्यापाशी. तिथून कुजबुज्यांनी जुनी वही काढली आणि निळ्या पेन्सिलीने सगळे संवाद लिहून ठेवायला सुरुवात केली. कुठे काय बोललो आणि काय उत्तर आलं, हे कागदावर आलं की कुठेतरी वाट सापडेल, असा एकतीस वर्षांचा अनुभव.

"ऐक," ते म्हणाले, आणि चष्मा नाकावर सरकवून वाचू लागले. "मी: ७½. ती: अवैध वर्ण. मी: 7.5. ती: टिंब चालणार नाही. मी: 7 1/2. ती: तिरकी रेघ चालणार नाही. मी: साडेसात. ती: फक्त अंक भरा. मी, रागाने: ७. ती: फक्त अंक भरा." वही त्यांनी टेबलावर आपटली. "अगं, मग हा सात म्हणजे काय कावळा आहे? आपल्या सातला ती अंकच मानत नाही! इंग्रजी सात पाहिजे म्हणे."

"मग इंग्रजी द्या."

"सात देऊ? नुसता सात?"

टाचणीबाईंनी कोट पुढ्यात ओढला. कोटाची बाही उलटी करून बघत बसल्या.

नंबर अर्धा कसा, हे सांगायला हवं. घराची मूळ पाटी सातच. वडिलांचं घर. दोघे भाऊ तिथेच जन्मले, वाढले. थोरला दादा कंपनीचा नायक झाला, धाकटा विंगेत बसला. जोडी इतकी जमली की दादाची उजवी भुवई जराशी वर गेली की कुजबुज्यांच्या तोंडून शब्द निघालेला असायचा. अकरा वर्षांपूर्वी एका प्रयोगाला, भरल्या नाट्यगृहात, तिसऱ्या अंकात दादाची भुवई वर गेली. कुजबुज्यांनी शब्द दिला. दादा गप्प. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिला की पहिल्या रांगेतल्या बाईंनी विंगेकडे वळून पाहिलं. दादा तसाच उभा. लोक आधी शांत होते, मग कुणीतरी शीळ घातली.

त्या रात्री रंगपटात सगळ्यांच्या देखत दादा म्हणाला, "तू मुद्दाम गप्प बसलास."

वैद्याला 'तू विष घातलंस' म्हणण्यापैकीच हे. कुजबुज्यांनी वही मिटली, पेन्सिल खिशात ठेवली आणि कंपनी सोडली. आठवड्याच्या आत गवंडी आले. घराचा बाजूचा बोळ आणि मागची खोली एवढं धाकट्याच्या वाट्याला, मधे भिंत, बोळाला वेगळं दार. नगरपालिकेचा कारकून पाटी घेऊन आला तेव्हा पलीकडचं घर आधीच आठ नंबरचं होतं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तुम्हाला अर्धा वाढवून देतो." निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात आलं ७½. गल्लीने चेष्टा करून घेतली. लोकांची साडेसाती साडेसात वर्षांत सुटते, कुजबुज्यांची म्हणे दारावर खिळे मारून बसवलीय. पोस्टमनला साडेसात माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. अकरा वर्षं एक पत्र चुकलं नाही. आणि अकरा वर्षं दोन भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी बँकेच्या मदतवाहिनीला फोन लागला. कुजबुज्यांनी तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"नमस्कार सर, मी आपल्याला काय मदत करू शकते?" आवाजाने तरी मुलगी गोड वाटली.

"माझं घर साडेसात आहे."

"साडेसातला आम्ही बंद असतो, सर. सहापर्यंतच."

"वेळ नाही हो, नंबर! घराचा नंबर साडेसात."

पलीकडे कळफलकाची टकटक. "सर, अर्धं घर नोंदवता येत नाही."

"घर अख्खं आहे, ताई. आत या, बघा. नंबर तेवढा अर्धा आहे."

"मग सर, राउंड करा ना. सात करा, नाहीतर आठ."

"आठमध्ये बंद पडलेला छापखाना आहे. दाराला फळ्या ठोकल्यात."

"मग सात."

कुजबुज्यांनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. ही जागा त्यांच्या वहीत असती, तर इथे लांब रेघ आली असती, टाळी नसलेली.

"सर? आहात ना, सर? काय आहे, फॉर्म भरला की पत्त्यावर एक पत्र येईल, त्यात सहा आकडी क्रमांक असेल. तो सोमवारी दुपारी दोनच्या आत भरायचा. म्हणजे सर, जिथे पत्र हातात पडेल असाच पत्ता..."

"द्या," कुजबुज्यांनी सवयीने वाक्य पुरं केलं आणि फोन ठेवला.

पुन्हा फेऱ्या. अकरा, वळण, अकरा. मधेच ते येऊन 75 लिहून बघायचे. 75 त्या वेबसाइटबाईला चालला! पण खाली गल्लीचं नाव घातल्यावर म्हणाली, 'या रस्त्यावर हा क्रमांक अस्तित्वात नाही.' एवढं कळतं तर साडेसात का कळत नाही, असं ते पडद्याला विचारेपर्यंत पडदा पांढरा पडला. 'तुमचे सत्र संपले आहे.' नाव, फोन, इतर, परवलीचा शब्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"प्रयोग रंगात आला की पडदा पाडते!" कुजबुजे ओरडले. "अगं, आधी घंटा तरी दे!"

सव्वाचार झाले. मागे मशीनचा आवाज थांबला होता, तो बराच वेळ सुरूच झाला नाही. कुजबुज्यांनी वळून पाहिलं. टाचणीबाई खिडकीच्या उजेडाकडे सुई धरून बसल्या होत्या. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं, सुईजवळ नेलं. दोरा सुईच्या बाजूने निघून गेला. पुन्हा. पुन्हा बाजूने. तिसऱ्या वेळी त्यांनी सुई कोटाच्या कॉलरमध्ये खुपसली आणि म्हणाल्या, "राहू द्या हो. पुढच्या वर्षी करू डोळे. इतकी काही घाई नाही."

कुजबुजे खुर्चीवर बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. चष्मा पुसला. घर क्रमांकाच्या रकान्यात इंग्रजी सात लिहिला. लाल काही उमटलं नाही. रकान्याच्या कडेला एक हिरवी खूण आली, शहाण्या मुलाच्या पाठीवर थाप मारावी तशी. पाचला आठ मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

"काय लिहिलंत?" टाचणीबाईंनी विचारलं.

"जन्मलो तिथलं लिहिलं. खोटं नाही ते."

"मी कुठे म्हटलं खोटं?"

शनिवार गेला. रविवार तर जाता जाईना. कुजबुजे दाराला कान लावून बसत, गल्लीत सायकल वाजली की उठत. मनात त्यांनी बेत पक्का केला होता: पत्रवाला आला की त्याला वाटेतच गाठायचं, पत्र घ्यायचं, सात नंबरच्या दारापर्यंत त्याला पोचूच द्यायचं नाही. टाचणीबाईंनी त्यांना जेवायला बसवलं, तेही दाराकडे तोंड करून.

सोमवारी साडेअकराला कुरिअरवाला आला. हेल्मेट डोक्यावरच, पाठीला भलीमोठी पिशवी. कुजबुजे पायरी उतरून आडवे आले.

"सात नंबरचं पत्र ना? माझं आहे ते. इकडे द्या."

कुरिअरवाल्याने पाकिटावर पाहिलं, मग दारावरच्या पाटीवर. "काका, हे साडेसात आहे."

"हो, पण पत्र माझं. नाव बघा. ओळखपत्र दाखवतो."

"नावाचं नाही हो काही. माझ्या मशीनला सात पाहिजे." त्याने हातातलं यंत्र दाखवलं. "साडेसातच्या दारात उभा राहून सही घेतली तर लाल दिवा लागतो. मग मला साहेबांना उत्तर द्यावं लागतं."

"लाल!" कुजबुज्यांनी आभाळाकडे पाहिलं. "तुलाही लालच लागतो?"

"काय करता, काका. पोटाचा प्रश्न आहे." आणि त्याने तीन पावलं पलीकडे जाऊन सात नंबरची घंटा दाबली.

बराच वेळ कुणी येईना. कुरिअरवाल्याने पुन्हा दाबली, मग दारावर थाप मारली. दार वीतभर उघडलं. एक बाही बाहेर आली, करड्या स्वेटरची, कोपराला ठिगळ लावलेली. त्या हाताने यंत्रावर सही केली. शेवटच्या अक्षराची शेपटी अशी झोकात ओढली, की ती सही कुजबुज्यांनी शंभर हातांतून ओळखली असती. पाकीट आत गेलं. दार लागलं.

"घेतलं बघा," कुरिअरवाला म्हणाला. "आता तुमचं तुम्ही बघा, काका." आणि गेला.

बारा वाजायला आले. दोनपर्यंत तो क्रमांक भरायचा होता. कुजबुजे घरात आले, अकरा पावलं गेले, परत आले.

टाचणीबाई दाराशी उभ्या होत्या. डोळे बारीक करून त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं आणि लावलं. "जा."

"जाऊन बोलू काय?"

"मला विचारताय? जन्मभर लोकांनी काय बोलायचं ते तुम्ही सांगितलंत."

"ते लिहिलेलं असायचं गं."

"मग आज लिहिलेलं नाही. जा."

दोन दारांमध्ये तीन पावलं. पहिलं पाऊल सोपं गेलं, कारण तिथवर त्यांची स्वतःची पायरी होती. दुसऱ्या पावलाला वाटलं, चष्मा विसरलो. चष्मा नाकावरच होता. तिसऱ्या पावलाला त्यांनी घंटा दाबली. आत ती खणखणीत वाजलेली बाहेर ऐकू आली. कुणी हललं नाही. पुन्हा दाबली. "ऐकू येत नाही का याला!" ते पुटपुटले, आणि पुटपुटतानाच काहीतरी त्यांच्या मनात सरकलं, पण ते काय ते कळायच्या आत दार उघडलं.

समोर दादा. केवढा माणूस होता हा! नुसता आत आला तरी रंगमंच भरून जायचा. आता दाराच्या चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना जागा उरत होती. एका हातात पाकीट, न फोडलेलं. दुसरा हात घाईघाईने उजव्या कानाशी गेला आणि कानामागची कसलीशी वस्तू दाबून बसवू लागला. कातडीच्या रंगाची, शेंगदाण्याएवढी. तिच्यातून बारीक शीळ निघाली, मग थांबली.

कुजबुजे त्या वस्तूकडे बघत राहिले. उजवा कान म्हणजे विंगेकडचा कान. दादा नेहमी तोच विंगेकडे ठेवून उभा राहायचा. त्या रात्री पहिल्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं होतं. दादाने नव्हतं पाहिलं.

दादाने त्यांना बघताना बघितलं. हात कानावरून खाली आला. पाकिटाकडे गेला. पाकीट थोडं पुढे झालं, आणि तिथेच थांबलं. दादाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द आला नाही. आणि मग त्याची उजवी भुवई जराशी वर गेली.

असं तोंड कुजबुज्यांनी आयुष्यात हजारदा पाहिलं होतं. त्याला वही लागत नाही. ते किंचित पुढे वाकले, नजर दुसरीकडे ठेवली, जशी नटाची लाज राखायला ठेवायची असते तशी, आणि त्या शेंगदाण्याएवढ्या वस्तूजवळ तोंड नेऊन, पूर्वीच्याच श्वासात, अगदी हळू त्याला त्याचं वाक्य दिलं:

"आत ये."